डोक्यावरची जागा

पोटमाळ्यावरून खाली काढले तेव्हा
दोन्ही स्पीकरांच्या पाठीवर बोटभर धूळ,
धुळीखाली पत्र्याची पट्टी:
सहा ओहम. शहाऐंशी डेसिबल. तीस ते शंभर वॅट.
निशिकांतच्या सामानात वाचण्यासारखं एवढंच उरलं होतं.

पट्टीचा फोटो काढला
आणि माझगावहून लॅमिंग्टन रोडला गेले,
डॉक्टरकडे रिपोर्ट न्यावा तशी.

पहिल्या दुकानात पोरानं खोका पुढे सरकवला.
त्यावर आगीच्या ज्वाळांत आकडा:
चोवीसशे वॅट, पीएमपीओ.
ताई, बिल्डिंग हलेल.
म्हटलं, आमची तशीही हलते.

मुस्तन्सिरभाईंचं दुकान जिन्याखाली.
सोल्डरचा धूर, चष्म्याला दोरा,
उघड्या रेडिओवर ठेवलेला अर्धा खारी बिस्कुट.
"तो आकडा खोक्याचा, मशीनचा नाय.
आरएमएस विचारा.
हमाल दिवसभर किती वाहतो ते विचारायचं,
एकदा बोंबलून किती उचललं ते नाय."

खोली केवढी?
दहा बाय बारा.
"मग रोजच्या ऐकण्याला एक-दोन वॅट लई झाले."
आणि देताय साठचा?
वॅट दुप्पट केले तरी आवाज जरासाच वाढतो,
हे आत्ताच तुम्ही सांगितलंत.

त्यांनी बिलाच्या पाठीवर एक लाट काढली,
डोंगर, दरी, डोंगर.
मग पट्टीनं वर एक आडवी रेघ.
"हे छत. ॲम्प छोटा, छत खाली.
गाणं हळू चाललंय तोवर ठीक.
पण तबल्यावर थाप पडते ना,
तेव्हा लाटेला एकदम उभं राहायचं असतं.
डोकं आपटतं. माथा सपाट.
तो सपाट माथाच ट्वीटर जाळतो.
लोक म्हणतात, ताकद जास्त झाली.
कमी पडलेली असते, बेन."

मी रेघेकडे बघत राहिले.

निशिकांत सहा फूट एक इंच.
आमचा पोटमाळा पाच फूट दहावर.
मोरीपासून खाटेपर्यंत
सव्वीस वर्षं तो मान तिरकी करून गेला,
बाहेर रस्त्यावरही तसाच चालायचा.
त्या एप्रिलमध्ये समोरच्या हॉलात लग्न होतं, बँजो पार्टी.
यानं हट्टानं आपलं लावलं,
दहा वॅटचा ॲम्प, नॉब शेवटपर्यंत.
आधी सगळ्या स-ला काटे फुटले,
मग स गेलेच,
मग जळका वास.
मी म्हटलं होतं, कशाला एवढी ताकद लावायची?
तो काही बोलला नाही.
चादरीत गुंडाळून दोन्ही वर ठेवून दिले.

साठचा घेतला.
ट्वीटर नवे, दोन्ही मिळून चौदाशे, घासाघीस करून.
लालला लाल, काळीला काळी,
मुस्तन्सिरभाईंनी दोनदा बजावलं:
"एक उलटी लागली तर एक ढकलेल, एक ओढेल,
मधला बास कुठे गेला कळणार नाय."
ओहमचं मात्र मला नीटसं समजलं नाही.
चारचे आणून जोडू नका एवढंच लक्षात राहिलं,
आणि गॅलरीतल्या नळाचा कॉक अर्धवट उघडावा
तसं काहीतरी.

रात्री साडेनऊ. नॉब जेमतेम हललेला.
बाईंनी सा लावण्याआधी श्वास घेतला,
तो ऐकू आला.
समोर जागा नव्हती, खाट होती, कपाट होतं,
तरी आवाज त्या दोघांच्या मध्ये
सरळ उभा राहिला,
पूर्ण उंचीचा.

आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं,
अरे, डोकं सांभाळ.